दीड मिनिट

भूमय्या दुडम यांच्या कारखान्यातला नक्षीचा पीसी
अकरा महिने बंद झाला नव्हता.
काल साडेचारला अक्कलकोट रोडची लाइट गेली,
यूपीएसनं थोडं कण्हून मान टाकली,
आणि आज सकाळपासून बारा माग रिकामे.

'तू राजेशम जॉबरची पोर ना?'
हो म्हटलं.
बाबा मागाखाली उताणे झोपून दुरुस्ती करायचे,
मी खुर्चीत बसून करते. मला ग्रीस लागत नाही.

सुरू केला.
पांढऱ्या ओळी धावत गेल्या,
हिरवं ओके, हिरवं ओके, हिरवं ओके,
पाळीच्या माणसांची हजेरी घ्यावी तसं.
मग एका नावाशी अडलं.
तीन लाल चांदण्या
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
धागा नसलेला धोटा.
शेजारी सेकंद मोजत होतं : नव्वदपैकी अकरा, बारा.
'हँग झालंय,' शेठ म्हणाले.
नाही, म्हटलं. वाट बघतंय.

नव्वद भरले. काळा पडदा,
आणि पासवर्ड द्या म्हणून एक ओळ.
शेठना ठाऊक नव्हता.
अंबुबाई कांड्या भरायच्या थांबून म्हणाल्या, ड्रॉवरात बघा की.
जकार्डचा जुना पुठ्ठा निघाला,
पाठीमागे, भोकं चुकवत चुकवत,
निळ्या पेनानं लिहिलेला शब्द.
अक्षर श्रीहरीचं. धाकट्याचं.
शेठनी वाचून दाखवला नाही.
पुठ्ठा नुसता माझ्याकडे सरकवला.

बाबा म्हणायचे, माग थांबला म्हणजे बिघडला असं नसतं गं,
तार तुटली की थांबायचं हे त्याला शिकवलेलं असतं.
न थांबता चालला,
तर वारच्या वार चादर वाया.

लॉग उघडला.
शेवटची ओळ वाचायची नाही, ती फक्त रडते.
वर चढत जायचं, पहिल्या लाल ओळीपर्यंत.
तिथं एक लांबलचक नंबर,
आणि त्या नंबरचं कुणी हजर नाही.
'शेठ, बाहेरून लावलेली दुसरी डिस्क होती का?'

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. पात्यांवर कापसाची लव.
गेल्या दसऱ्याला वाटण्या झाल्या.
वीस मागांतले बारा इकडे, आठ तिकडे,
आणि जुन्या नक्ष्यांची डिस्क
श्रीहरीनं चालू मशीनमधून उपसून नेली.
तेव्हा काहीच अडलं नाही.
चालू होतं ना सगळं.
चालू असेपर्यंत कळत नाही काय नाहीये ते.

एफ-एस-टॅब. सहा ओळींची फाइल.
उठताना कुणाकुणाला हाक मारायची, त्याची यादी.
चौथी ओळ तिची.
'पुसून टाक,' शेठ म्हणाले.
मी बोट ठेवलं.
मग, घरच्या भाषेत, हळू,
'वद्दु.'
नको.

पुसली नाही.
ओळीच्या चौथ्या रकान्यात
स्वल्पविराम देऊन एक शब्द लिहिला : नोफेल.
'म्हणजे काय?'
म्हणजे, आली तर जोडून घे.
नाही आली तर अडून बसू नकोस,
बाकीच्यांना उठव.

पुन्हा चालू. हिरवं, हिरवं.
त्या नावापाशी लाल चांदण्या आल्याच नाहीत.
टॉवेलच्या काठावरची वेल पडद्यावर उमटली,
आणि बाहेर पहिला माग, मग दुसरा,
मग कुणाचं कुणाला ऐकू येईना.

शेठ माझ्या कानाशी येऊन ओरडले,
'आणि त्यानं आणून लावली तर?
तुला परत बोलवायला लागेल?'
नाही, मी ओरडले. लावून एकदा बंद-चालू करा,
जागा ठेवलीये तिची.
काय ऐकू आलं कोण जाणे.
पुठ्ठा त्यांनी ड्रॉवरात नाही, खिशात घातला.

बिलावर मी यूपीएसची बॅटरी वेगळी लिहिली.
उन्हाळ्याआधी बदला, म्हटलं.
निघताना एक टॉवेल दिला त्यांनी,
काठ जरा वाकडा,
सेकंडचा माल.